काच वर केली म्हणून पाठीवर गुडघा? मायामीतली ८ सप्टेंबरची सकाळ

मृण्मयी_फ्लोरिडा (धागाकर्ती) | १० सप्टेंबर २०२४

रविवारी फुटबॉलपटू टायरीक हिलची गाडी अडवून त्याला बेड्या घातल्या, त्याचं पोलिसांच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांतलं चित्रण मायामी-डेड काउंटीच्या (मायामी ज्या जिल्ह्यात येतं त्या) पोलिसांनी काल संध्याकाळी जाहीर केलं. मी ते दोनदा पाहिलं. दुसऱ्यांदा पाहिलं ते सोळा वर्षांच्या मुलासोबत, कारण त्याचं लर्निंग लायसन्स चालू आहे. त्यानंतर आमच्या घरात जे बोलणं झालं, तेच इथे मांडावंसं वाटलं.

अमेरिकन फुटबॉल न बघणाऱ्यांसाठी: टायरीक हिल हा (२०२४ मध्ये) मायामी डॉल्फिन्स संघाचा वाइड रिसीव्हर, म्हणजे लांब पळत जाऊन चेंडू झेलणारा. वेगामुळे त्याला 'चीता' म्हणतात. रविवारी दुपारी एकला मोसमातला पहिला सामना होता, जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध. सकाळी तो स्वतःची मॅकलारेन गाडी घेऊन हार्ड रॉक स्टेडियमकडे चालला होता. स्टेडियम अगदी समोर आलं असताना मोटरसायकलवरच्या पोलिसांनी त्याला थांबवलं. कारण दिलं वेगाचं आणि सीटबेल्टचं.

पोलिसाने काचेवर जोरात ठोकलं. हिलने काच खाली केली, लायसन्स दिलं आणि काच अशी ठोकू नका, असं चिडून दोनतीनदा सांगितलं. चलन द्या, मला उशीर होतोय, असंही म्हणाला आणि काळी काच परत वर केली. काच खाली ठेव, नाहीतर बाहेर काढीन, असं पोलीस म्हणाला आणि लगेच, बाहेरच ये. तेवढ्यात दुसरा पोलीस पुढे आला. दार उघडताच त्याने हिलला हाताला आणि डोक्याला धरून बाहेर ओढलं, पालथं पाडलं, पाठीवर गुडघा दिला आणि हात मागे घेऊन बेड्या घातल्या. 'उतरतोय मी' असं तो म्हणत असताना हे चाललं होतं. त्याच वेळी पोलीस त्याला सुनावत होता, की आम्ही सांगू तेव्हा करायचं, तुला वाटेल तेव्हा नाही.

मग त्याला पदपथाच्या कडेला बसायला सांगितलं. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, असं तो सांगत होता. बसायला वेळ लागतोय हे बघून एकाने मागून गळ्या-छातीभोवती हात टाकून त्याला खाली खेचलं.

तो उद्धट बोलला, हे मला मान्य आहे. पण उद्धटपणा हा बळ वापरण्याचं कारण होऊ शकतो का? त्याच्या हातात काही नव्हतं, तो पळत नव्हता, लायसन्स पोलिसाच्या हातात होतं. घाई कसली होती?

---

निखिल_एडिसन

ताई, तुमची कळकळ समजते, पण मी दुसऱ्या बाजूने बोलतो. मी इथे १९ वर्षं आहे. पहिल्याच वर्षी ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने शिकवलं होतं: काच पूर्ण खाली, हात स्टिअरिंगवर, वाद कोर्टात. काळ्या काचेमागे काय आहे हे पोलिसाला दिसत नाही. या देशात कुणाच्या मांडीवर बंदूक असेल सांगता येत नाही. नेहमीच्या तपासणीत पोलीस मारले गेले आहेत. काच वर गेली की त्याच्या पोटात गोळा येणारच. हिलने काच खाली ठेवली असती तर पाच मिनिटांत चलन घेऊन गेला असता.

---

स्पोर्ट्सवेडा_अमेय

थोडी भर. डॉल्फिन्सचाच कॅलेस कॅम्पबेल मागून येत होता. सहकारी जमिनीवर दिसला म्हणून तो थांबला आणि त्यालाही बेड्या पडल्या. हा माणूस ३८ वर्षांचा, समाजकार्यासाठी दिला जाणारा लीगचा वॉल्टर पेटन पुरस्कार २०१९ च्या मोसमासाठी मिळवलेला. तो फक्त तिथे उभा होता. त्याने तर काच वरही केली नव्हती, निखिलदादा.

हिल सुटला, सामना खेळला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये ८० यार्डांचा टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या शेवटच्या रेषेपार नेणं) केला आणि हात पाठीमागे घेऊन उभा राहिला. संघातल्या जेलन वॉडलने येऊन त्याला बेड्या घातल्याचा अभिनय केला. सामना २०-१७ असा जिंकला. लोक त्या अभिनयावर हसले, मला हसू आलं नाही. काही तासांपूर्वी ते हात खरंच तसे बांधलेले होते.

---

कायदेवाली

निखिल, तुम्ही म्हणता ते अर्धं बरोबर आहे, आणि त्या अर्ध्याला कायद्याचा पाठिंबाही आहे. 'पेनसिल्व्हेनिया विरुद्ध मिम्स' या १९७७ च्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की वाहन कायदेशीरपणे थांबवलं असेल तर पोलीस चालकाला बाहेर यायला सांगू शकतो. वेगळं कारण द्यावं लागत नाही. म्हणजे 'बाहेर ये' हा हुकूम वैध होता.

पण हुकूम वैध असणं आणि तो अंमलात आणायला वापरलेलं बळ वैध असणं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याची कसोटी 'ग्रॅहम विरुद्ध कॉनर' या १९८९ च्या निकालात आहे, आणि त्या निकालामागची हकिकत आपल्याकडे प्रत्येकाने वाचावी अशी आहे, कारण घरटी एक मधुमेही आपल्याकडे असतोच. १९८४ साल, नॉर्थ कॅरोलिनातलं शार्लट. डेथॉर्न ग्रॅहम यांची साखर उतरायला लागली. मित्राच्या गाडीतून ते संत्र्याच्या रसासाठी दुकानात गेले, रांग मोठी दिसली म्हणून धावतच बाहेर आले. पोलिसाला ती घाई संशयास्पद वाटली. गाडी थांबवली. मित्र जीव तोडून सांगत होता, याची साखर उतरली आहे. तरी बेड्या घातल्या, बॉनेटवर दाबलं, पोलिसांच्या गाडीत कोंबलं. ग्रॅहम यांच्या पायाचं हाड मोडलं. दुकानात काही घडलंच नव्हतं, हे कळल्यावर घरी सोडलं.

त्या निकालाने कसोटी घालून दिली: त्या जागी असलेल्या समंजस पोलिसाला ते बळ वाजवी वाटलं असतं का? त्यासाठी तीन गोष्टी मुख्यतः बघायच्या. गुन्हा किती गंभीर, माणसापासून तात्काळ धोका होता का, आणि तो प्रत्यक्ष प्रतिकार करत होता किंवा पळत होता का. आता हिलला या तीन प्रश्नांसमोर उभं करून बघा. गुन्हा वेगाचा आणि सीटबेल्टचा. धोक्याची खूण एकच, वर गेलेली काच, आणि दार उघडताच तीही संपली. प्रतिकार म्हणाल तर शब्दांचा.

मात्र हीच कसोटी पोलिसांना पुष्कळ सूटही देते. क्षणात निर्णय घ्यावा लागतो, नंतर शांतपणे बसून त्याची चिरफाड करू नका, असंही त्याच निकालात आहे. बहुतेक खटले तिथेच अडतात.

---

निखिल_एडिसन

कायदेवाली, धन्यवाद. ग्रॅहम यांची हकिकत मला माहीत नव्हती. तरीही एक विचारतो. या हिलचा इतिहास काय आहे? २०१४ मध्ये गरोदर मैत्रिणीला मारहाण केल्याबद्दल त्याला अटक झाली, ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाने संघातून काढलं, गुन्हा त्याने कबूल केला. अशा माणसासाठी आपण एवढं हळहळायचं?

---

मृण्मयी_फ्लोरिडा

निखिल, ते प्रकरण वाचून मलाही त्याच्याबद्दल माया वाटत नाही. ती बाई कोणत्या वेदनेतून गेली असेल याचा विचार मी आधी करते. पण रस्त्यावरच्या पोलिसाने त्याला २०१४ साठी जमिनीवर पाडलं नव्हतं. शिक्षा द्यायला कोर्ट आहे. गाडीच्या दारात ती शिक्षा पोलिसाने वाटायची नसते, मग आत बसलेला माणूस कितीही वाईट असो. हे सूत्र फक्त भल्या माणसांसाठी असेल तर ते सूत्रच राहत नाही.

---

तात्या_सोलापूर

सगळ्यांना नमस्कार. मी पोलीस खात्यातून सहायक उपनिरीक्षक म्हणून निवृत्त झालो, त्यात अकरा वर्षं वाहतुकीला होतो. म्हणून बोलतो.

काळ्या काचेची भीती काय असते ते मी भोगलंय. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तेव्हा आम्ही चौकाचौकात उभं राहून ब्लेडने फिल्म सोलायचो. आतून शिव्या ऐकू यायच्या आणि तोंड दिसायचं नाही. हात आपोआप काठीवर जातो. तेव्हा त्या पोलिसाच्या मनात काय आलं असेल, हे मी समजू शकतो.

पण एक स्वतःचंच सांगतो. नाकाबंदीला एका पोराने माझा हात आत असताना काच वर घेतली. बोटं चेमटली. दार उघडून मी त्याची कॉलर धरली, दुसरा हात उठलाच होता. आमच्या साहेबांनी मला मागे ओढलं आणि एकच वाक्य बोलले: 'तात्या, नंबर घेतलाय ना? मग तो जाणारे कुठं?' त्या पोरावर रीतसर केस केली. बोटं आठ दिवस दुखली. हात पडला असता तर मी आज इथे छातीठोकपणे बोलू शकलो नसतो.

हिलचं लायसन्स हातात, गाडीचा नंबर समोर, माणूस साऱ्या गावाला ठाऊक, आणि चाललाय कुठं तर समोरच्या स्टेडियमात. तो जाणारे कुठं?

आणि बेड्यांचं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १९८० च्या प्रेमशंकर शुक्ला निकालानंतर बेड्या सरसकट घालता येत नाहीत, कारण लिहून ठेवावं लागतं. आमच्याकडेही नियम मोडले जातात, ते मी नाकारत नाही. पण सीटबेल्टसाठी बेड्या म्हटलं असतं तर आमच्या ठाणे अंमलदाराने मलाच विचारलं असतं, डोकं ठिकाणावर आहे का.

---

रानजाई

तात्या, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मनापासून आभार.

---

पक्या_लंडन

विलायतेतलं एक प्रकरण इथे आठवल्याशिवाय राहत नाही. ४ जुलै २०२०, पश्चिम लंडनमधलं मेडा व्हेल. ब्रिटनची धावपटू बियांका विल्यम्स आणि तिचा जोडीदार रिकार्डो दोस सांतोस, तोही धावपटू, यांची गाडी पोलिसांनी थांबवली. दोघांना गाडीतून ओढून बेड्या घातल्या. मागच्या सीटवर त्यांचं तीन महिन्यांचं बाळ होतं. गांजाचा वास आला, असं पोलिसांनी सांगितलं. झडतीत काहीही सापडलं नाही. २०२३ मध्ये शिस्तभंग समितीने दोन पोलिसांना वासाबद्दल खोटं बोलल्याच्या ठपक्यावरून बडतर्फ केलं. (पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये अपिलात ही बडतर्फी रद्द झाली.)

इथे आम्ही मराठी मंडळी गणपतीला जमलो की हा विषय निघतो, आणि 'आपल्याला नाही असं होत' असं कुणीतरी म्हणतंच. आपण रंगाने कुठे बसतो हे आपण ठरवत नाही, थांबवणारा ठरवतो.

---

मृण्मयी_फ्लोरिडा

पक्या, 'आपल्याला नाही असं होत' हे वाक्य मीही म्हणायचे. मग २०१५ चं अलाबामातलं प्रकरण झालं. मॅडिसन गावात मुलाकडे राहायला आलेले गुजराती आजोबा सकाळी पदपथावर फिरत होते. इंग्रजी येत नव्हतं. पोलिसाने हात धरून त्यांना जमिनीवर आपटलं आणि त्यांच्या मणक्याला इजा झाली. चित्रण साऱ्या जगाने पाहिलं. त्या पोलिसावर केंद्र सरकारने खटला भरला, दोनदा ज्युरीचं एकमत झालं नाही आणि शेवटी न्यायाधीशांनी त्याला निर्दोष सोडलं.

माझा स्वतःचा प्रसंग लहानच आहे. फ्लोरिडात नवीन होते. मागे दिवे लागले, मी गाडी बाजूला घेतली आणि सोलापूर-पुण्याच्या सवयीने कागद हातात घेऊन खाली उतरले. आपल्याकडे साहेबासमोर गाडीत बसून राहणं हाच उर्मटपणा. इथे उतरणं हा धोका समजतात. तो पोलीस ओरडला, हात कमरेवर. मी जागच्या जागी गोठले. दहा सेकंदांनी त्याला समजलं असावं. त्याने आवाज खाली आणला आणि 'मॅडम, परत गाडीत बसा' म्हणाला. त्या दहा सेकंदांत त्याने वाट पाहिली म्हणून मी आज हे लिहितेय. हिलच्या चित्रणात मी तीच दहा सेकंदं शोधत होते.

---

निवांत_नाही

मायामी-डेडच्या बाबतीत मागे १९७९ पर्यंत जावं लागतं. आर्थर मॅकडफी, कृष्णवर्णीय, ३३ वर्षांचा विमा एजंट, आधी मरीन दलात. १७ डिसेंबरला पहाटे मोटरसायकलवर होता, डेड काउंटीच्या पोलिसांनी पाठलाग केला. तो थांबल्यावर त्याला हेल्मेट काढून इतकं मारलं की चार दिवसांनी तो गेला. पोलिसांनी कागदोपत्री अपघात दाखवला. खटला फ्लोरिडातल्याच टॅम्पा शहरात हलवला, ज्युरीत सगळे गोरे पुरुष, आणि मे १९८० मध्ये सगळे आरोपी सुटले. त्या रात्री लिबर्टी सिटी ही मायामीतली कृष्णवर्णीयांची वस्ती पेटली. दंगलीत १८ माणसं मेली.

तेव्हा कॅमेरे असते तर अपघाताची ती कथा एक दिवसही टिकली नसती. आज दुसऱ्याच दिवशी चित्रण लोकांसमोर आलं. पोलीस प्रमुख स्टेफनी डॅनियल्स यांनी त्याच दिवशी एका पोलिसाला रस्त्यावरून काढून प्रशासकीय कामावर बसवलं आणि अंतर्गत चौकशी लावली. मॅकडफीच्या वेळी याची कल्पनाही करता आली नसती. पण त्या भागातल्या कृष्णवर्णीय माणसाच्या मनात हिलचं चित्रण बघताना काय उभं राहिलं असेल, त्यासाठी ४५ वर्षांपूर्वीची ही गोष्ट माहीत हवी.

---

निखिल_एडिसन

प्रत्येक गोष्टीत वर्ण आणायलाच हवा का? याच वर्षी मे महिन्यात स्कॉटी शेफलरला झालेली अटक आठवा. जगातला पहिल्या क्रमांकाचा गोल्फपटू, गोरा. लुइव्हिलला पीजीए स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पावसात वाहतूक अडलेली होती, तो बाजूने गाडी पुढे घेत होता. त्यालाही बेड्या पडल्या, तुरुंगात नेऊन फोटो काढला, पोलिसावर हल्ल्याचं गंभीर कलम लागलं. बारा दिवसांत सगळे आरोप मागे घेतले.

---

स्पोर्ट्सवेडा_अमेय

दादा, उदाहरण बरोबर आहे आणि ते तुमच्या विरोधातही जातं. शेफलरवर काच वर केल्याचा किंवा उद्धट बोलल्याचा आरोप नव्हता, तरी अटक झालीच. म्हणजे 'नीट वागलं की काही होत नाही' हे त्याच्या बाबतीतही खरं ठरलं नाही. शिवाय ज्या पोलिसाने त्याला धरलं, त्याचा कॅमेरा चालू नव्हता. सुरुवातीला नेमकं काय झालं, कोणाचं खरं, हे ठरवायला त्या क्षणाचं चित्रणच नव्हतं.

आणि स्टर्लिंग ब्राउन? तेव्हा मिलवॉकी बक्स संघाचा बास्केटबॉलपटू. जानेवारी २०१८, औषध दुकानाच्या आवारात अपंगांच्या जागेत आडवी लावलेली गाडी. एवढ्यावरून पोलिसांचा घोळका जमला, त्याला जमिनीवर पाडलं आणि टेझरचा विजेचा झटका दिला. २०२१ मध्ये शहराने ७ लाख ५० हजार डॉलर देऊन तडजोड केली. चुकीच्या पार्किंगचा दंड शहरालाच केवढ्याला पडला.

---

मृण्मयी_फ्लोरिडा | १२ सप्टेंबर

काल हिल पत्रकारांशी बोलला. काच खाली ठेवायला हवी होती, मी त्या क्षणी जास्त चांगलं वागू शकलो असतो, असं स्वतःहून म्हणाला. रविवारी सामन्यानंतर त्याने जे विचारलं होतं ते माझ्या डोक्यातून जात नाही: मी टायरीक हिल नसतो तर?

आपली चूक तो उघडपणे बोलला. पोलिसांच्या संघटनेचं म्हणणं मात्र एवढंच, की त्याने लगेच सहकार्य केलं नाही.

माझ्या मुलाने परवा चित्रण बघताना एक गोष्ट दाखवली जी माझ्या लक्षात आली नव्हती. एक हुकूम पाळून व्हायच्या आतच पुढचा हुकूम किंवा हात येतो. काच खाली कर, हा हुकूम अर्धा पाळला जातोय तोवर बाहेर ये, तो पाळायच्या आत ओढणं. बस, म्हटल्यावर गुडघा वाकायच्या आत गळ्याभोवती हात. एक हुकूम पाळायला जेवढा वेळ लागतो तेवढाही दिला नाही. निखिल, 'आधी ऐका, तक्रार नंतर' हे मलाही पटतं. पण ऐकायला अवधी तर हवा.

---

निखिल_एडिसन

हे मान्य. तुमचं वाचून चित्रण पुन्हा लावलं. काचेबद्दल माझं मत तेच आहे, पण पदपथाकडेच्या त्या प्रकाराला माझ्याकडे उत्तर नाही. तेव्हा तर त्याचे हात बांधलेले होते.

---

कायदेवाली

वेगाचंही बघा. चित्रणात पोलीस ताशी ६० मैल, म्हणजे साधारण ९६ किलोमीटर म्हणतो, पण तो नजरेने केलेला अंदाज होता. शेवटी चलन लिहिलं ते निष्काळजीपणे गाडी चालवणं आणि सीटबेल्ट यांचं.

---

मृण्मयी_फ्लोरिडा | २८ नोव्हेंबर

धागा वर आणतेय. हिलवरची दोन्ही चलनं या आठवड्यात रद्द झाली. सुनावणीला पोलीस हजरच राहिले नाहीत.

---

तात्या_सोलापूर

ताई, हे वाचून वाईट वाटलं. साक्षीला न जाणं म्हणजे केस सोडून देणं. आम्ही रजेवर असलो तरी तारखेला जायचो. ज्या दोन चलनांसाठी त्या माणसाला रस्त्यावर पालथं पाडलं, ती उभं राहून वाचायलाही कोणी गेलं नाही.

---

माईंची_लेक

मी पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. माझा मुलगा जानेवारीत ऑर्लँडोला शिकायला जातोय. इथे तो बुलेट चालवतो, गाडी तिकडेच शिकणार. त्याला नेमकं काय सांगू?

---

मृण्मयी_फ्लोरिडा

माई, सांगते. दिवे दिसले की गाडी उजवीकडे घ्यायची, इंजिन बंद. रात्र असेल तर आतला दिवा लावायचा. चारही काचा खाली असल्या तरी चालेल, चालकाची तर हवीच, आणि ती शेवटपर्यंत वर करायची नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, बोटं दिसतील अशी. उतरायचं नाही, आणि उतरायला सांगितलं तर वाद न घालता सावकाश उतरायचं. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात असतील तर आधी तोंडाने सांगायचं, 'कप्प्यात आहेत, काढू का?', आणि हो म्हटल्यावरच हात न्यायचा. रागाचं उत्तर रस्त्यावर द्यायचं नाही. तारीख, वेळ, बिल्ला क्रमांक घरी येऊन लिहून ठेवायचा.

जानेवारीत तो पोहोचला की मला कळवा. ऑर्लँडो आमच्यापासून तीन तासांवर आहे. माझा मुलगा त्याला एकदा गाडीत बसवून हे सगळं करून दाखवेल.